टेपची नाडी कुठे लागते?

नवतपा सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. आमच्या नागपूरच्या ऑफिसच्या लेखा विभागात एक ज्येष्ठ आहेत. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणतात. ते दुपारी सर्व्हर रूमच्या दारात येऊन उभे राहिले. येण्याचं अर्धं कारण कामाचं, अर्धं एसीचं. त्यांना तीन वर्षांपूर्वीच्या मार्चअखेरची एक फाईल हवी होती, ऑडिटवाल्यांनी मागितली होती. मी म्हटलं, "बसा काका, चहा येईपर्यंत काढून देतो." एवढ्या ठसक्यात म्हणायचं कारण असं, की बॅकअपच्या रोजच्या अहवालात तीन वर्षं हिरवी खूण चुकली नव्हती.

चहा आला, पिऊन झाला, पोरगा कपही घेऊन गेला. टेप ड्राइव्ह, म्हणजे चुंबकीय फितीवर बॅकअप लिहिणारं आणि वाचणारं यंत्र, घरघरत होता. फीत पुढे न्यायचा, मागे आणायचा, पुन्हा पुढे न्यायचा. शेवटी त्याने पडद्यावर वाचता येत नसल्याचं सांगून टाकलं.

"काय करून राहिला बाबू? निघाली का नाही फाईल?"

फाईल दुसऱ्या दिवशी निघाली. कशी ते पुढे येईलच. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तीन वर्षं जी हिरवी खूण बघून मी घरी जात होतो, तिचा अर्थच मला नीट ठाऊक नव्हता. "लिहून झालं" एवढंच ती सांगते. लिहिताना ड्राइव्हला किती घाम फुटला, कार्ट्रिज, म्हणजे ती फितीची डबी, किती थकली आहे, उद्या दुसऱ्या ड्राइव्हला ती वाचता येईल का, यातलं काहीही ती सांगत नाही. हे सगळं ड्राइव्हला माहीत असतं. फक्त त्याला विचारावं लागतं, आणि वेळेवर विचारावं लागतं.

आधी एक प्रश्न उरकून घेतो, कारण तो हमखास येतो: "आजच्या काळात टेप?" हो, आजच्या काळात टेप. सध्या चालते ती मुख्यतः एलटीओ (लिनिअर टेप-ओपन) जातीची. आयबीएम, एचपी आणि सीगेट यांनी मिळून ही पद्धत आणली आणि 2000 साली पहिली पिढी बाजारात आली, तेव्हा एका कार्ट्रिजमध्ये 100 जीबी मावायचे. आठव्या पिढीत 12 टीबी मावतात, 2021 मध्ये आलेल्या नवव्या पिढीत 18. फेब्रुवारी 2011 मध्ये जीमेलच्या काही खातेदारांचे मेल एका सॉफ्टवेअर बिघाडाने गायब झाले, तेव्हा ऑनलाइन ठेवलेल्या प्रतीही त्याच तडाख्यात सापडल्या होत्या. गूगलने ते मेल टेपवरूनच परत आणले. कपाटात ठेवलेल्या कार्ट्रिजला तार जोडलेली नसते. त्यामुळे सॉफ्टवेअरची चूक तिथे पोचत नाही आणि खंडणी मागणारा व्हायरसही पोचत नाही. टेपच्या बाजूने मला एवढंच म्हणायचं आहे, बाकी जाहिरात करणारे पुष्कळ आहेत.

फीत किती धावते

एलटीओ-8 ची कार्ट्रिज हातात घेतली तर तळहाताएवढी असते. आत 960 मीटर लांब आणि 12.65 मिलिमीटर रुंद फीत एकाच चक्रीवर गुंडाळलेली असते. फितीची जाडी 5.6 मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉनचा धरला, तर केसाच्या जाडीत अशा बारा फिती एकावर एक बसतील. या अर्ध्या इंचाच्या रुंदीत 6656 समांतर पट्टे लिहिले जातात, म्हणजे एकेका पट्ट्याच्या वाट्याला दोन मायक्रॉनही येत नाहीत. ड्राइव्हचं हेड, म्हणजे फितीला टेकून लिहिणारा-वाचणारा भाग, एका वेळी 32 पट्टे लिहितं. फितीच्या टोकाला पोचलं की उलट दिशेने पुढचे 32, मग पुन्हा उलट. टेप पूर्ण भरायला अशा 208 खेपा होतात.

960 मीटरला 208 ने गुणून बघा, जवळजवळ 200 किलोमीटर होतात. नागपूरहून निघून अमरावती मागे टाकून बरंच पुढे जाण्याइतकं अंतर. एक टेप एकदा भरली की एवढी फीत हेडला घासून गेलेली असते. सेकंदाला 300 एमबी या वेगाने 12 टीबी भरायला अकरा तास लागतात, म्हणजे फितीचा वेग ताशी 18 किलोमीटरच्या आसपास येतो. सायकलचाच वेग, पण दोन मायक्रॉनच्या रस्त्यावरून, आणि रस्ता सोडायचा नाही.

हा रस्ता सुटू नये म्हणून कारखान्यातच फितीवर पाच मार्गदर्शक पट्टे आखून ठेवलेले असतात. हेड सतत त्यांच्याकडे बघत स्वतःला डावं-उजवं सरकवत राहतं. म्हणून एलटीओ टेपवर कोणी मोठं लोहचुंबक फिरवलं, तर डेटा तर जातोच, वर हे पट्टेही पुसले जातात आणि ती टेप पुन्हा कधीच वापरता येत नाही. "पुसून परत वापरू" म्हणून टेप डिगॉस करणारे, म्हणजे चुंबकाने पुसणारे, मी पाहिले आहेत, आणि त्यांचे चेहरेही.

मुनीमजी आणि त्यांची बेरीज

पुढचा भाग नीट समजला तर बाकीचं आपोआप समजतं, म्हणून इथे जरा थांबतो.

टेपवर लिहिताना चुका होतात. चांगल्या टेपवर, चांगल्या ड्राइव्हमध्येही होतात. फितीवर कुठे कणभर धूळ असते, कुठे लेप पातळ असतो. ड्राइव्ह हे गृहीत धरूनच काम करतो. इतवारीच्या एखाद्या जुन्या पेढीवर एक मुनीम रोकड लिहितो आहे आणि दुसरा त्याच्या खांद्यावरून लगेच वाचून पाहतो आहे, अशी कल्पना करा. टेपच्या हेडमध्ये अगदी हेच चालतं. लिहिणाऱ्या भागाच्या पाठोपाठ वाचणारा भाग असतो. नुकतंच लिहिलेलं तो लगेच वाचतो. नीट वाचता आलं नाही, तर तो तुकडा पुढे पुन्हा लिहिला जातो. मागची ओळ खोडत बसायला वेळ नाही, कारण फीत थांबत नाही.

ही झाली लिहितानाची काळजी. वाचतानाची वेगळी आहे. मुनीम आकडे चौकटीत मांडतो आणि प्रत्येक आडव्या ओळीची, तसंच प्रत्येक उभ्या रकान्याची बेरीज लिहून ठेवतो. उद्या चौकटीतल्या एका आकड्यावर चहा सांडला तरी बेरजेवरून तो आकडा काढता येतो. आडव्या ओळीतून नाही निघाला तर उभ्या रकान्यातून निघतो. टेपवर डेटासोबत अशीच आडव्या-उभ्या जातीची जादा माहिती लिहिलेली असते. तिचं गणित बेरजेपेक्षा पुष्कळ कठीण आहे, कल्पना मात्र हीच. त्यामुळे फितीवर बऱ्यापैकी ओरखडे असले तरी तुमची फाईल अक्षर न् अक्षर बरोबर येते.

घोळ होतो तो इथेच. हे दोन्ही मुनीम इतके कामाचे आहेत, की मालकाला काही कळतच नाही. पुन्हा लिहिणं वाढलं तरी बॅकअप यशस्वी. वाचताना रोज हजारो डाग बेरजेवरून भरून काढले तरी रिस्टोअर, म्हणजे टेपवरून फाईल परत काढणं, यशस्वी. डाग इतके वाढतात की एका दिवशी आडवी बेरीजही पुरत नाही आणि उभीही. त्या दिवशी पहिल्यांदा लाल खूण दिसते. वाचायचं असलेलं तोपर्यंत गेलेलं असतं.

म्हणजे टेपची तब्येत बघायची ती यश-अपयशात नाही. मुनीमजींना किती राबावं लागलं, यात बघायची.

आकडा नुसता वाचून काय उपयोग

ड्राइव्ह हे राबणं मोजून ठेवतो. लिहिताना किती चुका दुरुस्त केल्या, वाचताना किती केल्या, किती दुरुस्त होऊच शकल्या नाहीत, एकूण किती डेटा गेला, हे त्याच्या पोटातल्या नोंदींच्या पानांवर असतं. लिनक्सवर 'एसजी लॉग्ज' नावाची छोटी आज्ञा ही पानं दाखवते. आयबीएमचं आयटीडीटी किंवा एचपीईचं लायब्ररी अँड टेप टूल्स वापरलं तर तेच जरा सजवून दिसतं.

पहिल्यांदा ही पानं उघडणारा माणूस घाबरतो. "दुरुस्त केलेल्या चुका: 900." बाप रे! पण नुसत्या 900 ला काही अर्थ नाही. समजा एका टेपवर 9000 जीबी लिहिले आणि 900 वेळा पुन्हा लिहावं लागलं. दुसरीवर फक्त 300 जीबी लिहिले आणि 400 वेळा पुन्हा लिहावं लागलं. पहिलीचा हिशोब दहा जीबीमागे एक, दुसरीचा प्रत्येक जीबीमागे एकाहून जास्त. आकडा लहान असलेली दुसरी टेप आजारी आहे. संत्र्याच्या ढिगात किती सडली हे विचारताना ढीग केवढा होता हेही विचारावं लागतं. कळमन्याच्या बाजारात हे कोणाला शिकवावं लागत नाही, सर्व्हर रूममध्ये मात्र लागतं.

दुसरं म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह, आणि एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या पिढ्याही, "चूक" एकसारखी मोजत नाहीत. म्हणून इंटरनेटवरून उचललेली मर्यादा आपल्या ड्राइव्हला लावू नये. तुलना त्याच टेपच्या मागच्या महिन्याशी करावी. दर जीबीमागचा आकडा महिन्यामागून महिना चढत असेल तर काहीतरी शिजतं आहे. दुरुस्त न झालेल्या चुकांचा रकाना मात्र शून्यच असला पाहिजे. तिथे एक जरी दिसला तरी त्या टेपवर पुढे काही लिहू नये आणि तिच्यावरचं आधी दुसरीकडे उतरवून घ्यावं.

आणखी एक गोष्ट, जी मी ठेच लागून शिकलो. बहुतेक ड्राइव्हमध्ये नवी कार्ट्रिज आत गेली की ही मोजणी शून्यापासून सुरू होते. त्यामुळे सकाळी निवांत येऊन "काल रात्री काय झालं" विचारलं तर उत्तर मिळत नाही, कारण लायब्ररीच्या, म्हणजे टेपा आपोआप बदलणाऱ्या कपाटाच्या, रोबोने तोपर्यंत टेप बदललेली असते. आकडे टेप बाहेर काढायच्या आधी, प्रत्येक वेळी उतरवून ठेवावे लागतात.

पेशंट कोण, थर्मामीटर कोण

आता काकांनी त्या मे महिन्यात मागितलेल्या फाईलकडे येतो. टेप वाचता आली नाही म्हटल्यावर माझा पहिला निष्कर्ष हाच, की टेप खराब. सगळ्यांचा असाच असतो. टेप स्वस्त, ड्राइव्ह महाग, त्यामुळे दोष टेपच्या नावावर टाकणं मनाला परवडतं.

आमच्याकडे दोन ड्राइव्ह आहेत. संध्याकाळी काका निघून गेल्यावर तीच टेप मी दुसऱ्यात घातली. हा म्हणजे पहिल्या क्रमांकाचा, जुना ड्राइव्ह. त्यात ती चालली. फार हळू, डाग भरून काढत काढत, पण चालली. टेपच खराब होती तर इथे कशी वाचली? तिच्यावर तीन वर्षांपूर्वी याच ड्राइव्हने लिहिलं होतं, हे नोंदीत पाहिल्यावर उलगडा झाला. त्याचं हेड कधीतरी थोडं बिघडलं होतं. त्याचं अक्षर त्यालाच लागायचं, दुसऱ्या कोणाला नाही. डॉक्टरची चिठ्ठी कोपऱ्यावरच्या एकाच मेडिकलवाल्याला वाचता यावी, तसं. आणि आमच्या सगळ्या तपासण्या व्हायच्या त्याच ड्राइव्हवर! मेडिकलवाला रोज सांगत होता, अक्षर छान आहे म्हणून.

म्हणून टेपच्या आजारपणाची नोंद जोडीने ठेवावी लागते. कोणती कार्ट्रिज, कोणत्या ड्राइव्हमध्ये, दर जीबीमागे किती चुका. महिनाभराच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की चित्र बोलायला लागतं. एका ड्राइव्हमध्ये गेलेली प्रत्येक टेप कुरकुरत असेल तर दोष ड्राइव्हचा. एकच टेप दोन्हीकडे कुरकुरत असेल तर दोष टेपचा. एका ड्राइव्हने लिहिलेल्या टेपा त्याच्यात गुळगुळीत आणि दुसरीकडे अडखळत असतील तर लिहिणाऱ्यावर संशय घ्यावा. यावरून निघणारा नियम साधा आहे: रिस्टोअरची चाचणी नेहमी लिहिणाऱ्यापेक्षा दुसऱ्या ड्राइव्हवर करायची. ज्यांच्याकडे एकच ड्राइव्ह आहे त्यांनी वर्षातून एकदा तरी एखाद्या ओळखीच्या ऑफिसचा दुसरा ड्राइव्ह वापरून बघावा. तिथे डेटा उघडा पडू नये म्हणून चाचणीची टेप बिनमहत्त्वाच्या फायलींची करावी.

आजार पसरतो, हेही ध्यानात असू द्या. फितीचा लेप सुटायला लागलेली कार्ट्रिज हेडवर घाण सोडते आणि ते घाणेरडं हेड पुढच्या चांगल्या कार्ट्रिजला ओरखडे काढू शकतं. नोंदी असतील तर साथ कुठून सुरू झाली ते मागे जाऊन शोधता येतं.

झेंडे, आणि माझी चूक

ड्राइव्ह अगदीच मुका नसतो. त्याच्याकडे 'टेपअलर्ट' नावाची सोय आहे. एकूण 64 झेंडे, काही नुसत्या माहितीचे, काही इशाऱ्याचे, काही गंभीर. हेड साफ करा, ही टेप वाचायला त्रास देते आहे, हिचं आयुष्य संपत आलं, साफसफाईची कार्ट्रिज संपली, कार्ट्रिजमधली चिप बिघडली, ड्राइव्हचाच भाग बिघडला, अशी ठरावीक वाक्यं त्या झेंड्यांमागे असतात. टेप आत असताना वीज गेली आणि टेपची अनुक्रमणिका बिघडली, तर त्याचाही झेंडा आहे. उन्हाळ्यातल्या लोडशेडिंगच्या दिवसांत यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर हा हमखास भेटतो. अनुक्रमणिका बिघडली म्हणजे डेटा गेला असं नाही. फाईल शोधायला वेळ लागतो, आणि पूर्ण टेप एकदा वाचून काढली की ती पुन्हा तयार होते.

मग आमच्या पहिल्या ड्राइव्हने झेंडा दाखवला नव्हता का? दाखवला असावा, बहुधा अनेकदा. तो खाल्ला माझ्याच एका स्क्रिप्टने.

पुष्कळ ड्राइव्हमध्ये झेंड्यांचं पान एकदा वाचलं की झेंडे खाली येतात. "सांगितलं, माझं काम झालं," असा ड्राइव्हचा हिशोब. मी फार हुशारीने दर पाच मिनिटांनी हे पान वाचणारी स्क्रिप्ट लिहिली होती आणि तिचं उत्तर एकाच फाईलमध्ये, आधीचं पुसून, ठेवत होतो. झेंडा यायचा, स्क्रिप्ट वाचायची, पाच मिनिटांनी "सर्व ठीक" त्याच्यावर लिहिलं जायचं. बॅकअपच्या सॉफ्टवेअरने नंतर विचारलं तर ड्राइव्ह म्हणायचा, काही नाही बुवा. नजर ठेवायला नेमलेल्यानेच पुरावे पुसले. त्यानंतर मी दोन नियम केले. झेंडे विचारणारा एकच असेल. आणि तो मागचं पुसणार नाही, खाली तारीख-वेळ, कार्ट्रिज आणि ड्राइव्हसह नवी ओळ जोडत जाईल.

कार्ट्रिजच्या पोटातली कुंडली

मेट्रोच्या गेटवर कार्ड टेकवलं की दार उघडतं. एलटीओ कार्ट्रिजच्या एका कोपऱ्यात तशाच, बिनतारी वाचता येणाऱ्या जातीची चिप असते. कार्ट्रिज आत जाताच ड्राइव्ह ती वाचतो आणि बाहेर काढताना तिच्यात नव्या नोंदी करतो. कोणी बनवली, कधी बनवली, आतापर्यंत किती वेळा आत गेली, आयुष्यभरात किती डेटा लिहिला-वाचला, शेवटच्या चार वेळा कोणकोणत्या ड्राइव्हमध्ये होती, हे सगळं तिच्यात असतं. मघाशी म्हटलेली मोजणी शून्यावर जाते, ही कुंडली जात नाही. जुन्या टेपा विकत किंवा फुकट मिळाल्या तर मी आधी ही बघतो. बाहेरून चकाचक दिसणाऱ्या डब्याचं आयुष्य आत बरंच सरलेलं निघतं.

खोक्यावर 12 च्या शेजारी 30 टीबी असंही छापलेलं असतं, त्याच्याकडे दुर्लक्ष करा. डेटा अडीचपट दाबला जाईल असं गृहीत धरून तो आकडा काढलेला असतो. फोटो, व्हिडिओ आणि आधीच झिप केलेल्या फायली तेवढ्या दाबल्या जात नाहीत. पण न दाबला जाणारा डेटा लिहूनही एखादी टेप 12 च्या बरीच आधी भरली, तर पुन्हा लिहिण्यातच तिची फीत संपली असण्याचा संभव असतो. तेव्हा चुकांचा रकाना नक्की बघावा.

साफसफाई, आणि रिकामी गिरणी

हेड साफ करायची वेगळी कार्ट्रिज मिळते. बहुतेक जातीच्या 50 वेळा चालतात, नंतर ड्राइव्ह स्वतःच ती परत बाहेर ढकलतो. काही ऑफिसांत दर सोमवारी पूजा केल्यासारखी साफसफाई करतात. तसं करू नये. ती फीत थोडी खरखरीत असते आणि हेड थोडं थोडं झिजवते. ड्राइव्हने मागितली तेव्हाच द्यावी. आणि ठरावीक एकच टेप चालवली की लगेच साफसफाईची मागणी येत असेल, तर साफसफाई करत बसण्याऐवजी ती टेप सेवानिवृत्त करावी.

हेड झिजवणारी दुसरी गोष्ट कोणी मोजत नाही. पिठाच्या गिरणीत वरून दाणे सतत पडत राहिले पाहिजेत, नाहीतर दगडावर दगड घासतो. टेपचंही तसंच. सर्व्हरकडून डेटा हळू आला तर ड्राइव्ह काही मर्यादेपर्यंत आपला वेग कमी करतो. त्याच्याही खाली गेला तर त्याला थांबावं लागतं. फितीला गती आलेली असते, ती जागच्या जागी थांबत नाही, म्हणून पुढे जाऊन थांबायचं, मागे यायचं, पुन्हा धाव घ्यायची. रात्रभर हजारो वेळा असं झालं की फीतही झिजते आणि हेडही. लक्षण सोपं आहे: पाच तासांचा बॅकअप अकरा तास चालतो आणि ड्राइव्हमधून चरक-चरक असा अडखळता आवाज येत राहतो. उपायही अवघड नाही. छोट्या छोट्या फायली थेट टेपवर न पाठवता आधी एका वेगवान डिस्कवर गोळा कराव्यात आणि तिथून एका दमात टेपवर ओताव्यात.

इथला उन्हाळा

टेप वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर साधारण 16 ते 25 अंश तापमान आणि 20 ते 50 टक्के आर्द्रता हवी. अशा जागी ती तीस वर्षंही टिकेल असं बनवणारे सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि जुलैत भिंतींना ओल येते. एसी बंद पडला म्हणून सर्व्हर रूमच्या खिडकीत कूलर लावलेला मी एका ठिकाणी पाहिला आहे. खसच्या ताट्यांमधून ओली, गार, थोडी धुळकट हवा थेट टेप लायब्ररीवर! माणसाला बरं वाटतं, टेपला नाही. ओल आणि उष्णतेने फीत किंचित रुंदावते. दोन मायक्रॉनपेक्षा अरुंद पट्ट्यांना तो किंचितसुद्धा भारी पडतो. नवव्या पिढीत तर नवी टेप पहिल्यांदा आत घातली की ड्राइव्ह आधी तिचं माप घेत बसतो. सरासरी 40 मिनिटं, कधी दोन तासही. तेव्हा ड्राइव्ह अडकला समजून वीज बंद करू नका.

दुसरी प्रत ऑफिसबाहेर ठेवायची ही चांगलीच सवय, पण ती नेतात कशी? दुपारी दोन वाजता, स्कूटीच्या डिक्कीत, वाटेत बर्डीवर अर्ध्या तासाचं काम उरकत. त्या डिक्कीत हात घालून बघा एकदा. टेप न्यायची तर सकाळी किंवा संध्याकाळी, खोबणी असलेल्या पेटीत, उभी ठेवून न्यावी. बाहेरून आलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालू नये. तिला त्या खोलीच्या हवेत रुळू द्यावं, चोवीस तास दिले तर उत्तम. एखादी हातातून पडली तर हलवून बघावी आणि तिचं झाकण सरकवून आतली धातूची छोटी पिन जागेवर आहे का ते पाहावं. ड्राइव्ह त्याच पिनेला पकडून फीत ओढतो. पिन तिरकी असेल तर टेप आत अडकते, मग खर्च ड्राइव्हचा होतो.

आणि धूळ. सिमेंट रस्त्यांची कामं चालू असतात तेव्हा दार कितीही लावा, ती येतेच. निदान प्रिंटर आणि पुठ्ठ्याची खोकी तरी सर्व्हर रूममधून बाहेर काढावीत. कागदाची भुकटी ड्राइव्हचा पंखा आत ओढून घेतो.

आता आमच्याकडे काय चालतं ते सांगतो. रोज टेप बाहेर काढायच्या आधी एक स्क्रिप्ट आकडे आणि झेंडे उतरवते. महिन्यातून एकदा, बिनकामाच्या डेटाची एकच ठरलेली चांगली टेप दोन्ही ड्राइव्हमध्ये फिरवतो. टेप तीच असल्यामुळे आकडा हलला तर ड्राइव्ह हलला, हे लगेच कळतं. पहिला ड्राइव्ह बदलला. बदलायच्या आधी त्याने लिहिलेल्या सगळ्या टेपा त्याच्यावरच वाचून नव्या टेपांवर उतरवल्या. त्यात पाच आठवडे गेले, पण त्याला घाईने परत पाठवला असता तर ते अक्षर वाचणारं कोणीच उरलं नसतं.

शिवाय महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी रिस्टोअरची चाचणी असते. कोणती फाईल काढायची हे मी ठरवत नाही, कारण मी सोपीच निवडतो. ते काका ठरवतात. चहाचा कप घेऊन एसीखाली बसतात, डोळे मिटून विचार करतात आणि कुठलं तरी जुनं प्रकरण सांगतात. मागच्या वेळी त्यांनी पाच वर्षांपूर्वीचा दिवाळी बोनसचा तक्ता मागितला. बावीस मिनिटांत निघाला. काकांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "माझे दोनशे रुपये कमी दिले होते बे यांनी तेव्हा."